गढ्याची वाट



जबलपूर शहराच्या जुन्या भागात गढा फाटक नावाचा मोहल्ला आहे. नवरात्रात तेथे बसणाऱ्या महाकालीच्या मूर्तीमुळे हे नाव शहराबाहेरही पुष्कळांच्या कानावरून गेलेले असते. परंतु त्या नावाचा अर्थ काय, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. फाटकाला नाव मिळते ते फाटक ज्या गावात असते त्या गावावरून नव्हे. त्यातून बाहेर पडणारी वाट ज्या गावी पोचते त्या गावावरून मिळते. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पुण्यातच आहे. आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या औरंगाबादेतील पैठण दरवाजातून पैठणची वाट निघते. त्याच न्यायाने जबलपुरातील गढा फाटक म्हणजे गढ्याकडे जाणाऱ्या वाटेचे तोंड. या एका नावात दोन गावे आहेत, एक वाट आहे, आणि कोणत्या गावाने कोणत्या गावाकडे पाहावे याची एक जुनी समजूतही आहे.

अशा एखाद्या वाटेचा किंवा गल्लीचा इतिहास लिहिणे हा काही रिकामपणाचा उद्योग नव्हे. इंग्लंडात तर स्थानिक इतिहास हा विद्यापीठीय अभ्यासाचा विषय झाला असून लेस्टर येथे १९४८ साली त्यासाठी स्वतंत्र विभाग निघाला. तेथील पहिले विभागप्रमुख डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५५ साली इंग्लंडच्या भूदृश्याच्या घडणीवर ग्रंथ लिहिला. शेताचे कुंपण, वाटेचे वळण, पडक्या वस्तीचा उंचवटा हे सारे कागदपत्रांइतकेच वाचता येते, ही दृष्टी त्या ग्रंथाने सामान्य वाचकाला दिली. उत्तर इंग्लंडातील खेड्यांच्या गल्ल्यांवर तेथील रहिवाशांनी मोठ्या हौसेने आणि तितक्याच चिकाटीने लेखन केलेले आहे. त्यांच्या अनुभवातील एक गोष्ट आपल्याला येथे उपयोगी पडण्याजोगी आहे. यॉर्क या शहरात मिकलगेट, कॉपरगेट अशी रस्त्यांची नावे आहेत. नवख्या माणसाला वाटते, की येथे वेशी असल्या पाहिजेत. परंतु नवव्या शतकात ते शहर जिंकणाऱ्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेत 'गाता' म्हणजे रस्ता. त्या शब्दाचा हा अवशेष आहे. खऱ्या वेशींना यॉर्कमध्ये 'बार' म्हणतात. तात्पर्य, नाव जे सांगताना दिसते तेच ते सांगत असते असे नाही. जबलपुरातही बाजारात दिमाखाने उभे असलेले कमानिया गेट हे कोणत्याही तटाचे दार नाही. १९३९ साली भरलेल्या त्रिपुरी काँग्रेसचे ते स्मारक आहे, म्हणजे मराठी वाचकाच्या कानाला जे ऐकू येते तेच: कमान. गढा फाटकाची गोष्ट मात्र निराळी. तेथे नाव खरे बोलते.

या वाटेला आरंभ गढ्यापाशी नाही. ती आणखी पश्चिमेकडून येते. जबलपूरपासून सुमारे बारा-तेरा किलोमीटरवर, भेडाघाटच्या रस्त्यावर तेवर नावाचे खेडे आहे. हीच प्राचीन त्रिपुरी. इसवी सनापूर्वी दुसऱ्या-तिसऱ्या शतकातील 'तिपुरि' अशी अक्षरे असलेली तांब्याची नाणी उपलब्ध आहेत. सागर विद्यापीठाच्या वतीने डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९५२ साली येथे उत्खनन केले आणि वस्तीचे थर ऐतिहासिक काळाच्या आरंभापर्यंत नेऊन पोचविले. पुढे हीच कलचुरी राजांची राजधानी झाली. १०३० च्या सुमारास अल्बेरुनी याने हिंदुस्थानातील मार्गांचे वर्णन करताना डाहाल देश, त्याची राजधानी तिऔरी आणि तेव्हाचा राजा गांगेय यांचा उल्लेख केला आहे. गझनीच्या दरबारातील पंडिताला या गावाचे नाव ठाऊक व्हावे ते वाटांच्या यादीतून, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कलचुरींचे लेख संकलित करून १९५५ साली दोन भागांत प्रसिद्ध करणारे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी हे नागपूरचे. त्यामुळे त्रिपुरीचा इतिहास मराठी वाचकाला परका राहिलेला नाही. याच घराण्यातील जयसिंहाच्या ताम्रपटात 'जाउलीपत्तला' या विभागाचे नाव येते. त्यावरून जबलपूर हे नाव आले, असे रायबहादूर हीरालाल यांनी सुचविले होते. जाबाली ऋषींची कथा त्याहून लोकप्रिय आहे. ताम्रपटाला तिच्याइतके श्रोते मिळत नाहीत.

तेराव्या शतकात कलचुरींची सत्ता मावळली. राजधानीचे दगड मात्र आणखी सहा शतके जागेवर होते. तेवरजवळील करणबेलचे अवशेष एकोणिसाव्या शतकात लोहमार्गाच्या कंत्राटदारांनी खाणीसारखे वापरले. जे काम काळाला जमले नव्हते ते पुलांच्या बांधकामाने थोड्या वर्षांत करून टाकले.

त्रिपुरीनंतर या वाटेवरचे केंद्र पूर्वेला सरकले आणि गढ्याला आले. मदनमहालाच्या काळ्या खडकाळ टेकडीच्या पायथ्याशी वसलेले गढा ही गोंड राजांची राजधानी. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात संग्रामशाह याने बावन्न गढांचे राज्य उभे केले, असे परंपरा सांगते. त्याच्या सोन्याच्या नाण्यांवर 'पुलस्त्यवंश' असा कुळाचा उल्लेख आढळतो. अकबराचा इतिहासकार अबुल फजल या राज्याला गढा-कटंगा म्हणतो. मराठी कागदपत्रांत पुढे त्याचेच 'गढामंडळ' झाले. मोगल इतिहासकारांच्या लेखी या मुलखाचे नाव गढ्यावरून होते. जबलपूर हे तेव्हा गढ्याच्या वाटेवरील एक गाव होते आणि त्याची दखल घेण्याचे कोणाला कारण नव्हते.

गढा हे केवळ राजाचे ठाणे नव्हते. राधावल्लभ संप्रदायातील सेवकजी आणि चतुर्भुजदास हे दोघे भक्तकवी गढ्याचे. वल्लभाचार्यांचे पुत्र गोसाई विठ्ठलनाथ राणी दुर्गावतीच्या काळात गढ्यास येऊन राहिले होते, आणि देवतालच्या परिसरात त्यांची स्मृती आजही जपली जाते. म्हणजे वृंदावन आणि गोकुळ येथील भक्तिविचार विंध्य ओलांडून नर्मदेपाशी आला तो या गावात उतरला. राज्यकर्त्यांच्या लढाया लिहून ठेवणाऱ्यांनी अशा येण्याजाण्याकडे थोडे अधिक लक्ष दिले असते तर बरे झाले असते. वाटेवरून फौजा क्वचित जातात, यात्रेकरू आणि व्यापारी रोज जातात.

दुर्गावतीचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. महोब्याच्या चंदेल घराण्यातील ही राजकन्या दलपतशाहाची राणी झाली, आणि पतीच्या मृत्यूनंतर अल्पवयीन मुलाच्या नावाने तिने राज्य चालविले. १५६४ साली आसफखान चालून आला तेव्हा नर्रई येथील लढाईत २४ जून रोजी तिने प्राण दिला. चौरागडच्या लुटीत खानाला एक हजार हत्ती मिळाले व त्यांतील दोनशेच त्याने बादशहाकडे पाठविले, असे अबुल फजल लिहितो. त्या हिशेबात गढ्याच्या रयतेला काही स्थान नाही. परंतु रयतेने राणीची आठवण ज्या गोष्टीशी बांधली ती लढाई नव्हे. ती आहेत तळी. राणीताल राणीचे, चेरीताल तिच्या दासीचे, अधारताल तिचा मंत्री अधार कायस्थ याचे. दासीचे नाव इतिहासाला ठाऊक नाही, पण तिचे तळे मात्र लोकांनी राणीच्या तळ्याच्या शेजारी मोजले.

तळ्यांचा हा विषय थोडा विस्ताराने पाहिला पाहिजे, कारण गढ्याच्या वाटेचा सारा अर्थ त्यांच्यात आहे. जबलपूरच्या आसपास ग्रॅनाइटच्या उघड्या टेकड्या आहेत. अशा खडकावर पावसाचे पाणी मुरत नाही. ते वेगाने खाली उतरते आणि दोन टेकड्यांमधील सखल जागेतून निघून जाते. त्या सखल जागेच्या तोंडाशी मातीचा बांध घातला की तळे तयार होते. वरचे तळे भरले की सांडव्यावाटे पाणी खालच्या तळ्याकडे जाते. जबलपूरला बावन्न तळी होती, असे तेथील माणसे सांगतात. बावन्न हा आकडा बावन्न गढांच्या पंक्तीतला आहे, तेव्हा त्याची मोजदाद करण्यात अर्थ नाही. संग्रामसागर, देवताल, सूपाताल, राणीताल, चेरीताल, मढाताल, भंवरताल, हनुमानताल अशी नावांची रांग मात्र खरी आहे. अशा मुलखात पावसाळ्यात बारमाही चालता येईल अशी उंच जागा म्हणजे बहुधा एखादा बांधच असतो. म्हणून जेथे तळी असतात तेथे वाट सरळ जात नाही. ती पाण्याच्या कडेकडेने जाते. शहरातला एखादा रस्ता कारणाशिवाय वळलेला दिसला तर अभियंत्याला दोष देण्यापूर्वी जुन्या नकाशात तेथे पाणी होते काय हे पाहावे.

१७४२ साली बाळाजी बाजीराव पेशव्यांनी गढामंडळावर स्वारी केली व राजा महाराजशाह मारला गेला. त्यानंतर राज्य नावापुरते उरले. १७८१ साली सागरच्या मराठी कारभाऱ्यांनी ते खालसा केले आणि पेशव्यांच्या सागर येथील अमलाला जोडले. येथे या वाटेच्या इतिहासातील सर्वांत मोठा पालट घडतो, आणि तो कोणत्याही लढाईने घडलेला नाही. मराठ्यांनी आपला कारभार गढ्यात न ठेवता जबलपुरास ठेवला. गढ्याला टांकसाळ चालू राहिली. तेथे पडणारे बालाशाही रुपये बुंदेलखंडात चालत. परंतु कचेरी ज्या गावी असते त्या गावी सावकार येतो, सावकारामागून सराफ येतो, कारकून येतो, आणि शेवटी शेतकरीही आपली तक्रार घेऊन तेथेच येतो. गढ्याहून जबलपुराकडे जाणारी वाट ही जबलपुराहून गढ्याकडे जाणारी वाट झाली. वाट तीच, तिचे तोंड फिरले. गढा फाटक हे नाव या बदलानंतरच्या जबलपूरकरांच्या तोंडी शोभणारे आहे: गढा अजून वेशीला नाव देण्याइतका मोठा आहे, पण तो आता वेशीच्या बाहेर आहे.

१७९८ साली नर्मदेच्या खोऱ्यातील हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला. १९ डिसेंबर १८१७ रोजी इंग्रजी फौजेने जबलपूर घेतले. म्हणजे मराठी अंमल जेमतेम छत्तीस वर्षांचा. तेवढ्या काळात मोठी वास्तू उभी राहिली नाही की मोठी कीर्तीही मिळाली नाही, आणि तरीही आजचे शहर ज्या जागी आहे त्या जागी ते असण्याचे मुख्य कारण तोच काळ आहे. इतिहासात मराठी सत्तेचे वर्णन करताना घोडदळाच्या टापांचाच आवाज मोठा केला जातो. कारभाराने केलेल्या अशा शांत उलथापालथींकडे आपल्या लेखकांचे लक्ष कमीच गेले आहे.

इंग्रजांनी जबलपूरचे ठाणे कायम ठेवले, छावणी वसविली आणि मिर्झापूरहून नागपूरकडे जाणारा मोठा रस्ता वाहता केला. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्ध झालेले स्लीमन यांनी १८३७ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात गढामंडळच्या राजांचा इतिहास लिहिला. राज्य जाऊन अर्धे शतक झाले होते, पण वंशावळ सांगणारे लोक जिवंत होते. वंशही जिवंत होता.

त्या वंशातील शंकरशाह व त्यांचे पुत्र रघुनाथशाह हे गढ्याजवळच पुरवा येथे राहत असत. राज्य नव्हते, थोडीशी जहागीर उरली होती. १८५७ च्या सप्टेंबरात जबलपूरच्या ५२ व्या पलटणीतील शिपायांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून दोघांना पुरव्याहून धरून आणण्यात आले. घराच्या झडतीत जे सापडले त्यात शंकरशाहांनी देवीला उद्देशून रचलेली एक पद्यमय प्रार्थना होती. शत्रूचा संहार कर, असे तिच्यातील मागणे. ही प्रार्थना हाच मोठा पुरावा ठरला. १८ सप्टेंबर १८५७ रोजी बापलेकांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्याच रात्री ५२ वी पलटण शस्त्रांसह छावणी सोडून निघून गेली. ज्या गावावरून वेशीला नाव मिळाले त्या गावचे जुने राजघराणे असे शेवटचे शहरात आले. रेल्वे स्थानकाजवळ त्यांचे पुतळे उभे आहेत, आणि २०२४ साली त्यांच्या नावाच्या संग्रहालयाचे उद्घाटनही झाले. स्मारक शहराच्या मध्यात झाले हे योग्यच होय. मात्र पुरवा ते शहर या वाटेवर त्यांची काही खूण असावी असे कोणाला सुचले नाही.

त्यानंतरचा बदल लोखंडाचा. १८६७ साली अलाहाबादकडून लोहमार्ग जबलपुरास आला आणि १८७० च्या मार्चमध्ये मुंबईकडून येणारा मार्ग त्याला येऊन मिळाला. मुंबई आणि कलकत्ता लोहमार्गाने प्रथम जोडली गेली ती या गावात. मुंबईकडून येणाऱ्या रुळांनी गढा आणि शहर यांच्यामधील जमीन कापली. जुन्या वेशीचे दार रात्री बंद होई. रुळांवरचे दार गाडीच्या वेळेला बंद होऊ लागले. रुळांच्या अलीकडे शेतांच्या जागी राइट टाऊन, नेपियर टाऊन अशा साहेबी नावांच्या वसाहती आखण्यात आल्या. या वसाहतींचे रस्ते फूटपट्टीने काढलेले आहेत, आणि त्यांच्यामधून जाताना जुन्या वाटेची वळणे एकाएकी नाहीशी होतात.

पाण्याचेही तसेच झाले. राणीतालच्या जागी आज क्रीडांगणे आहेत. चेरीताल हा वस्तीचा भाग आहे. मढातालच्या बाजूला दुकाने आणि कचेऱ्या आहेत, भंवरतालला बाग आहे. हनुमानताल, संग्रामसागर, देवताल यांत पाणी आहे. नावावर विसंबून जबलपुरात तळे शोधू गेलेला माणूस निम्म्या वेळा कोरड्या जमिनीवर उभा राहतो. तळे बुजविण्याला दर वेळी काही कारण असते: डास, दलदल, दुर्गंधी, जागेची टंचाई. कारणे खोटी नसतात. परंतु टेकडीवरून उतरणाऱ्या पाण्याला ही कारणे समजत नाहीत; ते पावसाळ्यात आपल्या जुन्याच जागी येते आणि तेथे आता घरे असतात.

या ठिकाणी कागदांचा प्रश्न येतो. इंग्लंडातील गल्लीचा इतिहास लिहिणाऱ्याला परगण्याच्या नोंदी, गायराने कुंपणात घेतल्याचे निवाडे, त्यांबरोबरचे नकाशे असा भरपूर आधार मिळतो. आपल्याकडे काही नाही, अशी जी समजूत आहे ती चुकीची आहे. मध्य प्रांतात जमाबंदीच्या वेळी गावोगाव 'वाजिब-उल-अर्ज' तयार होत असे. पाणी कोणी घ्यावे, पाणंद कोठून जावी, गुरे कोठे चारावीत, याविषयीचे गावचे रिवाज त्यात लिहिलेले असत. मालगुजारी १९५१ साली संपली, पण १९५९ च्या मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेने निस्तार पत्रकाची व्यवस्था ठेवली. निस्तार म्हणजे गावकऱ्यांचा सामाईक वापर: तळे, वाट, सरपण, स्मशान. गढ्यासारखे गाव शहराच्या हद्दीत गेले की मात्र कागद बदलतात. मग नझूलचे नकाशे आणि पालिकेच्या नोंदी पाहाव्या लागतात, आणि त्यांत जमिनीला क्रमांक असतो, रिवाज नसतो. गावात तळे सर्वांचे होते ते शहरात कोणाचेच नाही, असे होते ते येथेच. एखाद्या वाटेचा इतिहास लिहिणे म्हणजे जुने नवल सांगणे नव्हे. अनेकदा तो हक्काचा पुरावा असतो. जबलपुरातील शाळांनी व वाचनालयांनी आपल्या मोहल्ल्याचे जुने कागद एकदा उतरवून घेतले तर ते काम कोणत्याही स्मरणिकेहून अधिक टिकेल.

१९३९ च्या मार्चमध्ये काँग्रेसचे अधिवेशन येथे भरले तेव्हा त्याला नाव दिले गेले ते जबलपूरचे नव्हे, त्रिपुरीचे. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तापाने आजारी होते. मिरवणुकीत बावन्न हत्ती जोडलेल्या रथात त्यांची तसबीर होती. पुन्हा तो बावन्नचाच आकडा. अधिवेशनातील वादाचा शेवट एप्रिलमध्ये कलकत्त्याला सुभाषबाबूंच्या राजीनाम्याने झाला, तो विषय निराळा. १९५५ साली सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते, आणि ते गढ्यातच आहे. नागपूरकडे निघालेला प्रवासी त्याच्यावरून तिलवारा घाटाकडे जातो.

२२ मे १९९७ रोजी पहाटे झालेल्या भूकंपाने जबलपुरात पुष्कळ घरे पाडली. मदनमहालाच्या टेकडीवरील, एका बिंदूवर तोललेली मोठी शिळा मात्र हलली नाही, आणि त्या शिळेचे कौतुक पडलेल्या घरांहून अधिक झाले. २०२५ साली ऑगस्टमध्ये दमोह नाक्याकडून राणीताल चौकावरून मदनमहालाकडे जाणारा सुमारे सात किलोमीटर लांबीचा उड्डाणपूल खुला झाला. रुळांमुळे होणारा खोळंबा त्याने संपविला. पुलावरून जाणाऱ्याला थांबावे लागत नाही. खालच्या रस्त्याने गेले तर राणीताल, मदनमहाल आणि गढा अजूनही त्याच क्रमाने लागतात.